डाव्या हाताची खिडकी

इंदूरच्या रामबागेतल्या त्या गल्लीत लक्ष्मीकांत देवस्थळीइतका घरकोंबडा माणूस शोधून सापडला नसता. घर ते सचिवालय, सचिवालय ते घर, आणि वाटेत राजवाड्यापाशी शेव घ्यायला थांबला तर तेवढंच त्याचं देशाटन. मध्यभारत राज्य झालं आणि राजधानी काही महिने ग्वाल्हेरला, काही महिने इंदूरला असा दोन घरचा संसार सुरू झाला. फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर कारकूनही आगगाडीत भरले जाऊ लागले. तेव्हा या गृहस्थाने साहेबांचे पाय धरून इंदूरच्याच दप्तरखान्यात बदली मागून घेतली. बढती हुकली, पण घर सुटलं नाही म्हणून स्वारी खूष होती.

अशा माणसाने एक्कावन्न सालच्या दसऱ्यानंतर दर रविवारी सहलीला जायला सुरुवात केली. एका हाताला नऊ वर्षांची मंजिरी, कडेवर दोन वर्षांचा शाम, खांद्याला दशम्यांच्या डब्याची पिशवी आणि पिशवीत फिरकीचा तांब्या. बरं, बायको कुठे? तर राऊच्या सॅनिटोरियममध्ये, खाटेवर. गल्ली बोलली नसती तरच नवल. तोंडावर कोणी काही म्हणत नसे, पण तो कोपऱ्यावरून वळला की ओट्याओट्यांवर माना हलत. बाई तिकडे मरणाच्या दारात आणि हा इकडे धबधबे बघतोय, असं म्हणणाऱ्यांत शेजारचे बाबूराव सगळ्यांत पुढे होते. ते कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही तीन घरं ऐकू जाई.

लक्ष्मीकांतलाही ते ऐकू जाई. तो खाली मान घालून स्टेशनकडे चालत राही.

प्रेमलताचं दुखणं क्षयाचं होतं, पण तो शब्द घरात कोणी उच्चारत नसे. 'छातीचं' म्हणत. ती सॅनिटोरियममध्ये गेली तेव्हा शाम दीड वर्षाचा होता, अजून अंगावर पीत होता. सॅनिटोरियम होतं राऊ स्टेशनाच्या पलीकडे, उघड्या माळावर, हवा चांगली म्हणून. बारा वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नसत. नियम बरोबरच होता, आणि बरोबर असलेल्या नियमाशी भांडता येत नाही, म्हणून तो जास्त टोचतो. लक्ष्मीकांत महिन्यातून एकदा जाई आणि व्हरांड्यातल्या खाटेपासून चार हात दूर स्टुलावर तासभर बसे. घर सांभाळायला त्याची विधवा बहीण शांताआक्का उज्जैनहून येऊन राहिली होती.

असाच एकदा तो स्टुलावर बसलेला असताना प्रेमलताने विचारलं, "शाम आता काय काय बोलतो?"

"सगळं बोलतो," लक्ष्मीकांत कौतुकाने म्हणाला. "दूध म्हणतो, चिऊ म्हणतो, टांगा म्हणतो. आक्काला आई म्हणतो."

शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं आणि त्याला आपली जीभ चावावीशी वाटली. प्रेमलताने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, "बरंय. कुणाला तरी म्हणतोय ना." आणि तिने कूस बदलली. उरलेला अर्धा तास तो तिच्या पाठीकडे बघत बसला. पोराला आई आहे, आणि पोराला ते ठाऊक नाही, यापेक्षा वाईट असं त्या दिवशी त्याला जगात काही दिसेना.

परत जाताना तो रुळाच्या कडेने राऊ स्टेशनाकडे चालला होता. समोरून महूची गाडी आली. स्टेशनातून नुकतीच सुटलेली, अजून पाय ओढत चाललेली. खिडकीत एक बाई पेरू खात बसली होती. लक्ष्मीकांतला तिच्या हातातला पेरू दिसला, पेरूला लावलेलं तिखटमीठ दिसलं. तो थांबला. मागे वळून बघितलं, तर रुळाला अगदी लागून, वीसेक पावलांवर, सॅनिटोरियमचं तारेचं कुंपण होतं.

ज्याच्या दारात मोटर असते तो वाटेल तिथे थांबतो, वाटेल तेव्हा वळतो. बाकीच्यांना वेळापत्रक पाठ करावं लागतं. लक्ष्मीकांतने ते केलं. दोन रविवार एकट्याने त्या गाडीने जाऊन आला. सकाळी आठ वीसला इंदूरहून सुटायचं. इंजिनापासून तिसरा डबा, कारण मागचे डबे कुंपणापाशी येईपर्यंत गाडी वेग घेते. डाव्या हाताची खिडकी. कुंपण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सावकाश चौदा आकडे मोजून होतात. आणि पोरांना कुठेतरी नेतोय म्हणायला हवं म्हणून पुढे पाताळपाणी. तिथे उतरायचं, धबधबा बघायचा, दशम्या खायच्या, दुपारच्या गाडीने परत.

डॉक्टरांनी प्रेमलताला तेव्हा नुकतीच कुंपणापर्यंत चालायची परवानगी दिली होती. त्याने तिला सगळा बेत सांगितला, तशी ती कितीतरी दिवसांनी उठून बसली. "मी पिवळं लुगडं नेसून उभी राहीन," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण अहो, शामला सांगू नका मी कोण ते. सांगितलंत तर तो रडेल, माझ्याकडे यायला हातपाय झाडेल, आणि गाडी तशीच निघून जाईल. ते मला बघवणार नाही. मला चौदा आकडे त्याला हसताना बघू द्या."

लक्ष्मीकांतला ते पटलं. त्याच्या जागी कोणालाही पटलं असतं. मंजिरीला त्याने खरं ते सांगितलं आणि देवापुढे शपथ घालून तोंड बंद ठेवायला लावलं.

आता दोन वर्षांच्या पोराने नेमक्या त्या चौदा आकड्यांत खिडकीबाहेर बघून हसावं कसं? तर लक्ष्मीकांतने युक्ती काढली. इंदूर सोडल्यापासून जो दिसेल त्याला टाटा करायचा खेळ सुरू केला. फाटकवाल्याला टाटा, म्हशीला टाटा, शेतातल्या बाईला टाटा. राऊ येईपर्यंत शामचा हात असा चालू झालेला असे की कुंपणापाशी पिवळं लुगडं दिसलं की तो दोन्ही हात बाहेर काढून नाचे. आणि तिकडून ती बाईही दोन्ही हात हलवी. इतर माणसं एकदा हात हलवून विसरून जात. ही बाई मात्र दर रविवारी असे, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिचे हात खाली येत नसत. चार-सहा रविवारांत शामने तिला नाव दिलं. गाडीची बाई.

"बाबा, आज गाडीची बाई येणार?"

"येणार तर!"

मंजिरी तेवढ्यापुरतं तोंड डब्यात घालून दशमी मोजत बसे.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. पाताळपाण्याचा धबधबा आटून नुसता काळा कडा उरला. तरी लक्ष्मीकांत रविवारी निघालाच. तेव्हा बाबूरावांना राहवेना. "क्यों भिया," ते ओट्यावरून गरजले, "धबधब्याला पाणी नाही, झाडाला पान नाही, तिकडे काय बघायला जाता?"

"हवा चांगली आहे," लक्ष्मीकांत म्हणाला.

गंमत अशी की त्याला नावं ठेवणारी गल्लीच हळूहळू त्याला वाटा आणि वेळा विचारायला लागली. एका दिवसात हातोदचा बाजार करून कसं परत यायचं? गौतमपुऱ्याला जायचं तर गौतमपुरा रोड स्टेशनावर उतरून पुढे टांगा मिळतो का? काळाकुंडला उतरलं तर परतीची गाडी कधी? लक्ष्मीकांत एखाद्या स्टेशनमास्तरासारखं घडाघडा सांगे. आयुष्यात हातोदला न गेलेला माणूस, पण एका गाडीच्या वेळा पाठ करता करता बाकीच्याही पाठ झाल्या होत्या. आणि मग श्रावणात, धबधबा पुन्हा भरल्यावर, सगळ्या गल्लीने ठरवलं की यंदा आपणही देवस्थळींबरोबर जायचं. तो नाही कसा म्हणणार?

त्या रविवारी तिसऱ्या डब्यात रामबाग कोंबली होती. बाया, पोरं, उकडून भाजायच्या बाफल्यांचं पीठ, तुपाची बरणी, वरणाचं पातेलं. डाव्या हाताच्या खिडक्या बायांनी चढता चढताच धरल्या. मोठ्या खिडकीत बाबूरावांच्या आई मांडी ठोकून बसल्या. लक्ष्मीकांत शामला घेऊन उजव्या बाजूला दाराशी उभा होता. राऊ गेलं. "जरा खिडकी... मुलाला जरा..." असं तो म्हणत पुढे सरकत होता, पण मध्ये पातेलं होतं आणि त्याचा आवाज मुळातच लहान. सात, आठ, नऊ. माणसांच्या डोक्यांवरून त्याला पिवळं लुगडं दिसलं, आणि खिडकीखिडकीतून मुलाला शोधणारं तिचं तोंड दिसलं. तेरा, चौदा. शाम त्याच्या कडेवर भलतीकडेच एका बैलाला टाटा करत होता.

बुधवारी प्रेमलताचं कार्ड आलं. शांताआक्काने ते नेहमीप्रमाणे, जंतू मरावेत म्हणून, आधी चुलीच्या धगीवर धरलं आणि मग त्याच्या हातात दिलं. 'या रविवारी बाबूरावांच्या आई दिसल्या. तब्येत छान आहे त्यांची. बाकी कोणी दिसलं नाही.' एवढंच होतं. लक्ष्मीकांत कार्ड घेऊन न्हाणीघरात गेला आणि दार लावून रडला.

पुढच्या रविवारी तो स्टेशनवर पोचला तर तिसऱ्या डब्यात डाव्या खिडकीशी बाबूराव बसलेले. त्याला बघताच ते उठले. "ये भिया, खिडकी पकडून ठेवली है तुझ्यासाठी," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज बसल्यासारखा झाला होता. "आई म्हणाली. आईने ओळखलं वहिनींना." शामच्या हातात शेवेचा पुडा देऊन ते खाली उतरले आणि भराभर निघून गेले. त्यानंतर गल्लीत कोणी काही बोललं नाही, आणि डाव्या हाताची खिडकीही कधी भरलेली सापडली नाही.

नवी इंजेक्शनं आली होती, ती प्रेमलताला लागू पडली. त्रेपन्नच्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून लक्ष्मीकांतला दाखवला आणि बायकोला घरी न्यायला सांगितलं. दोन वर्षांनी ती टांग्यातून गल्लीत उतरली. दूध-अंड्यांनी अंग भरलं होतं, गालांवर तेज आलं होतं. बायांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मंजिरीने तिच्या कमरेला जी मिठी मारली ती सोडीचना.

शाम शांताआक्काच्या पदराआड उभा होता.

"अरे जा ना, ही तुझी आई," आक्का म्हणाली. "मी आत्या."

शाम हसला. आक्का चेष्टा करते आहे असं त्याला वाटलं. आक्काने पुन्हा सांगितलं, तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं आणि त्याने तिचा पदर दोन्ही मुठींत धरला. प्रेमलताने जबरदस्ती केली नाही. "राहू द्या आक्का," ती म्हणाली. "सवय होईल हळूहळू." डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं होतं तरी ती अजून आपली ताटवाटी वेगळी ठेवी, आणि पोराला उचलावं की नाही या भीतीत तिचे हात अर्ध्यावर थांबत. तेवढ्यात शाम पळून जाई. आठ दिवसांत तो तिच्याशी एकच वाक्य बोलला. "तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?"

लक्ष्मीकांतने मनाशी ठरवलं की रविवारी सगळा उलगडा होईल. प्रेमलतालाच गाडीत घेऊन जायचं. ती जागा आली की सांगायचं, बघ, तिथे जी उभी राहायची ती आता इथे आली. चार वर्षांच्या आतल्या पोराला एवढं कळायला काय हरकत आहे, असा त्याचा हिशेब होता. गाड्यांचे हिशेब त्याला जमत, म्हणून त्याला वाटलं हाही जमेल.

आठ वीसची गाडी, तिसरा डबा. आक्का आणि मंजिरी समोर, खिडकीत शाम, त्याच्या शेजारी प्रेमलता. फाटकवाल्याला टाटा झाला, म्हशीला झाला. राऊ सुटलं तसा शाम बाकावर उभा राहिला. "आता गाडीची बाई!" त्याने दोन्ही हात बाहेर काढले. कुंपण आलं. कुंपणाशी कोणी नव्हतं. एक शेळी तारेखालून तोंड घालून चरत होती.

शामचे हात तसेच बाहेर राहिले. कुंपण संपलं, माळ सुरू झाला, तरी तो मागे वळून बघत होता. मग तो जो रडायला लागला तो पडल्या-लागल्यासारखा नव्हता. घरातलं कोणी गेल्यावर माणूस रडतं तसा तो रडत होता.

"अरे वेड्या, हीच ती!" मंजिरीला आता शपथेतून सुटका मिळाली होती. "आईच ती. आईच उभी राहायची तिथे!"

शामने प्रेमलताकडे बघितलं. नीट, खालपासून वरपर्यंत. "ही नाही," तो म्हणाला. "ही घरातली आहे."

"मीच रे, राजा," प्रेमलता म्हणाली. "हे बघ, अशी करायचे ना मी?" आणि तिने दोन्ही हात वर करून हलवले. डब्यातली माणसं बघत होती. तिला त्याची शुद्ध नव्हती.

शामने तिचे हात खाली ओढले. "तू आलीस म्हणून ती नाही आली!" तो ओरडला, आणि तिच्या मांडीवर धडाधड बुक्क्या मारू लागला. तिने त्याला अडवलं नाही. पाताळपाणी येईपर्यंत तो तिच्यासाठी तिच्याच मांडीवर रडत होता, आणि लक्ष्मीकांतला कुठे बघावं ते कळत नव्हतं. दीड वर्ष ज्या चौदा आकड्यांना त्याने जिवापलीकडे जपलं, त्यांनीच आज त्याच्या तोंडाला पानं पुसली होती. सांगायला हवं होतं. पहिल्याच रविवारी सांगायला हवं होतं, रडला असता तर रडला असता.

त्या आठवड्यात शाम नीट जेवला नाही. तिन्हीसांजेला तो ओट्यावर बसून विचारी, गाडीची बाई मेली का? आक्का देवापुढे बसून डोळे पुशी. शुक्रवारी लक्ष्मीकांत कचेरीतून आला, तेव्हा प्रेमलताने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि गल्लीतल्या बाया विचारत तसं विचारलं, "अहो, राऊला आठ वीसच्या गाडीच्या आधी पोचायचं असेल तर कुठली गाडी सोयीची?"

त्याने उचललेला कप परत बशीत ठेवला.

"तुम्ही सगळे नेहमीसारखे जा," ती म्हणाली. "आक्कांनाही न्या."

"पण असं किती दिवस करणार, प्रेमा?"

"ते मला माहीत नाही. त्याचं माणूस गेलंय. मला त्याला ते परत द्यायचंय."

नको म्हणावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तो म्हणाला, "साडेसहाला एक आहे. राऊला उतरून रुळाच्या कडेने चालत जायचं. आमची गाडी गेली की मागे फिरायचं आणि आग्रा रोडवर यायचं. महूहून येणारी बस मिळेल. दहापर्यंत घरी येशील." एकही वेळ चुकली नाही.

रविवारी पहाटे तिने पिवळं लुगडं नेसलं आणि एकटी बाहेर पडली. आठ वीसच्या गाडीत शाम खिडकीत गप्प बसला होता. त्याने फाटकवाल्याला टाटा केला नाही. राऊ गेलं. लक्ष्मीकांतने मोजायला सुरुवात केली आणि तीनवरच शाम किंचाळला, "आली! बाबा, आली!" तो खिडकीबाहेर एवढा वाकला की लक्ष्मीकांतला त्याची कंबर धरावी लागली. तो हात हलवत काहीतरी ओरडत होता, चाकांच्या खडखडाटात काय ते कळलं नाही. कुंपणाबाहेर प्रेमलता उभी होती, दोन्ही हात वर करून. ती हसत होती. खरोखरच हसत होती. आक्काने तोंडात पदर कोंबला आणि मंजिरी खिडकीकडे पाठ करून बसली.

संध्याकाळी घरी आल्यावर शामला हे कोणाला तरी सांगायचं होतं. पण सांगणार कोणाला? बाबांनी बघितलं होतं, मंजिरीने बघितलं होतं, आक्कानेही बघितलं होतं. गाडीत न आलेलं घरातलं माणूस एकच होतं. ते स्वयंपाकघरात, हिरव्या लुगड्यात, भाकरी थापत होतं. शाम उंबऱ्यापर्यंत गेला, थांबला, आणि मग आपण होऊन आत जाऊन तिच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. चपला काढता काढता लक्ष्मीकांतचा हात तिथेच थबकला.

"आज ती आली होती," शाम म्हणाला.

"हो?" प्रेमलताने पिठाचे हात परातीतच ठेवले. "कशी होती?"

"छान. हसत होती. तुला बघायचीय?"

"मी आले की ती येत नाही ना?"

"आता येईल," शाम म्हणाला, आणि तिचा पदर ओढून तिच्या मांडीवर बसला. "पुढच्या रविवारी तू पण चल. मी तिला ओरडून सांगितलंय, घरातली बाई बरोबर असली तरी तू ये म्हणून."

"ऐकलं तिने?"

"ऐकलं ना. मान हलवली तिने."

प्रेमलताने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, कारण तव्यावरची भाकरी करपत होती. मग तिने मान वर करून दारातल्या लक्ष्मीकांतकडे बघितलं आणि त्याला विचारलं, पुढच्या रविवारी काय करायचं.

मध्यभारतातल्या साऱ्या गाड्यांच्या वेळा पाठ असलेला तो माणूस दारात चप्पल हातात घेऊन उभा होता.